स्विचमधली खरखर

आजोबा कीबोर्ड परत घेऊन आले तेव्हा मी मान खाली घालून चिमट्याने स्प्रिंगा निवडत होते. गिऱ्हाईक आलं की मी नेहमीच मान खाली घालते. बोलायचं काम ताईंचं. पण त्या दिवशी आजोबांचं एक वाक्य कानात शिरलं आणि दिवसभर तिथून निघेना.

"काही बटणं बोटाला वेगळी लागतात हो," ते ताईंना सांगत होते. "काही लोण्यासारखी खाली जातात आणि काही मध्येच खरखरतात. तुमच्या कामात मी खोट काढत नाही. माझीच बोटं म्हातारी झाली असतील. तुम्ही एकदा बघा, नाहीतर आता टाइप करणं बंदच करावं म्हणतो."

"असं नका बोलू आजोबा, आम्ही बघतो ना," ताई म्हणाल्या.

माझ्या चिमट्यातली स्प्रिंग सुटली आणि टेबलाखाली गेली. ती शोधायच्या निमित्ताने मी बराच वेळ खाली वाकून राहिले. कारण जे आजोबा स्वतःच्या बोटांबद्दल बोलले, तेच मी कितीतरी दिवस माझ्या बोटांबद्दल मनात म्हणत होते. आणि त्यांच्या कीबोर्डाचे बरेचसे स्विच माझ्याच हातचे होते.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तोंडाने मला आभार मानता येत नाहीत. म्हणून लिहून ठेवते.

आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. एका बाजूला रबराचे वायसर कापतात, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवतात आणि मधे आम्ही तिघी. बंद पडलेल्या ऑफिसांतले, भंगारात निघालेले जुने कीबोर्ड ताई गोळा करतात. ऊन लागून पिवळे पडलेले, पाट्यासारखे जड. हल्लीच्या साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एक चादर असते. या जुन्यांत प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, सुपारीएवढा. तो उघडला की आत खालचं घर, वरचं झाकण, मधे वरखाली होणारा दांडा, दांड्याखाली स्प्रिंग आणि एका अंगाला पातळ पत्रा. ताई ते स्विच बोर्डावरून सोडवतात. आम्ही दोघी ते उघडतो, धुतो, वाळवतो, नवी हलकी स्प्रिंग घालतो, दांड्याला ब्रशने ग्रीस लावतो आणि परत मिटतो. ग्रीस इतकं पातळ लावायचं की लावलं आहे हे नुसत्या चकाकीवरून कळावं. जास्त झालं तर बटण चिखलात पाय रुतावा तसं वर यायला वेळ लावतं. कमी पडलं तर कोरडं वाजतं.

या जुन्या बटणांचे शौकीन बरेच आहेत, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. माणसं पुण्याहून, नाशिकहून स्विच पाठवतात. बटण दाबल्यावर बोटाला काय वाटतं याची त्यांना फार काळजी असते. सुरुवातीला मला हसू यायचं. मग वाटलं, भाकरी थापताना पीठ किती मऊ मळलंय ते मी बोटानेच बघते. त्यांचंही तसंच असेल.

मी चौथीपर्यंत शिकले. डोंबिवलीला एमआयडीसीत पंख्याच्या रेग्युलेटरचे भाग जोडायला होते. ती कंपनी दुसरीकडे गेली. मग कोणाच्या तरी ओळखीने इथे आले. ताई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण मी त्यांना ताईच म्हणते आणि त्या मला मावशी. पहिल्या दिवशी त्यांनी शाळा, दाखला, काहीच विचारलं नाही. माझ्या दोन हातांत दोन स्विच दिले.

"मावशी, दाबून बघा. काही फरक वाटतो?"

"डावा जड आहे," मी म्हटलं.

"उद्यापासून या."

सगळी मुलाखत एवढीच. मला बोलावं लागलं तेही दोन-तीन शब्द. आयुष्यात मला असं काम मिळेल असं वाटलं नव्हतं, जिथे बोलता आलं नाही तरी चालतं आणि बोटांना कळलं म्हणजे पुरतं. घरी कोणी विचारलं, तू काय करतेस, तर मी म्हणते बटणं साफ करते. पण मनात मला माहीत असतं की मी काहीतरी नीट करते.

आमच्यातली तिसरी कोलशेतची आहे. तिला आम्ही बाय म्हणतो. तिच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे पूर्वी मिठागरं होती. आता तिथे इमारती आहेत आणि तिच्या स्वतःच्या घरात भाडेकरू. तिला कामाची गरज नाही. कशाला येतेस म्हणून विचारलं तर म्हणते, "घरान बसून सुनेशी भांडू का? त्यापेक्षा हिथं बटनांशी भांडतंय." मी जेवढं बोलत नाही तेवढं ती बोलते, त्यामुळे गाळ्यात हिशेब बरोबर राहतो.

आता बोटांचं सांगते. पावसाळा संपता संपता माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. सकाळी उठल्यावर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जणू दुसऱ्याची असायची. भांड्यांना हात लावला की आधी भांडं वाजायचं आणि मग बोटाला कळायचं. दुपारपर्यंत बरं व्हायचं. मी घरी सांगितलं नाही आणि गाळ्यात तर नाहीच. ज्या एका गोष्टीमुळे मला तिथे ठेवलं होतं, तीच गेली तर मग माझं काय राहिलं? रोज पहिला स्विच हातात घेताना मी मनात म्हणायची, आज कळू दे.

आणि अशात आजोबा आले.

आजोबा वर्तकनगरला राहतात. त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा संगणक आले तेव्हाचा हा कीबोर्ड. पुढे ऑफिसाने तो टाकायला काढला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला आणि आजवर जपला. आता नजर अधू झाली आहे. पडद्यावरची अक्षरं मोठी मोठी करून दिसतात, बटणं दिसत नाहीत. त्यांची बोटंच बघतात. सोसायटीचे पाण्याचे अर्ज तेच टाइप करतात आणि परदेशातल्या नातीला रोज एक गोष्ट. बोटं दुखतात म्हणून हलक्या स्प्रिंगा घालून घ्यायला त्यांनी कीबोर्ड आमच्याकडे दिला होता. आम्ही सगळं करून दिलं आणि आठवड्याभरात तो परत आला.

ताईंची कामाची पद्धत मला फार आवडते. काही बिघडलं की त्या आधी कोणाला काही बोलत नाहीत. म्हणतात, "खोट आहे तिथे सापडेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." त्यांनी सगळी बटणं एकेक करून दाबली आणि जी खरखरत होती त्यांच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावले. कान्याचं बटण, क, स, वेलांटी. शेजारचा न मात्र चांगला. वर एक वाईट, खाली दोन चांगली. कसली म्हणून रीत नव्हती. मुठीने तांदूळ फेकावेत तसे ते तुकडे कीबोर्डावर पसरले.

"जास्त वापरातली बटणं झिजली असतील," ताई आधी म्हणाल्या. पण वापरात नसलेली वरच्या रांगेतलीही काही खरखरत होती. मग त्यांनी स्प्रिंगांवर संशय घेतला. दोन वेगळ्या पाकिटांतल्या स्प्रिंगा मिसळल्या असतील तर काही बटणं जड लागणारच. त्यांनी बटणावर एकावर एक नाणी रचली. तेवढ्याच नाण्यांच्या भाराने चांगलं बटणही खाली गेलं आणि वाईटही. म्हणजे स्प्रिंगा सारख्याच होत्या. जडपणा नव्हता, नुसती खरखर होती.

"बोर्डाखालची पट्टी वाकली असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी एक चांगला आणि एक वाईट स्विच सोडवून त्यांच्या जागा बदलल्या. खरखर जागेवर राहिली नाही, स्विचबरोबर गेली. म्हणजे खोट स्विचमध्येच.

पट्टी वाकलेली निघावी म्हणून मी देवाला हात जोडले होते. ती सरळ निघाली.

मग ताईंनी वाईट स्विच उघडून त्यातली स्प्रिंग चांगल्यात घातली. चांगला चांगलाच राहिला. दांडा बदलून पाहिला. आता दोन्ही थोडे थोडे खरखरायला लागले. दांडा धुऊन घातला तर बरा झाला. "म्हणजे भाग सगळे ठीक आहेत," त्या स्वतःशी म्हणाल्या. "आपण त्यांना जे करतो, त्यात काहीतरी होतंय."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या दांड्याकडे बघत होत्या. पण मला ते माझ्याकडेच बघणं वाटलं.

"मावशी, हा एक चांगला स्विच घ्या. धुवा, वाळवा आणि तुमच्या हाताने परत ग्रीस लावा. मग बघू."

मी उभ्या जन्मात कुठलं काम इतकं जपून केलं नसेल. ब्रश बरणीत बुडवला, काठावर निपटून घेतला, जास्तीचं ग्रीस काढलं आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेकदाच फिरवला. स्विच मिटून ताईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कानाशी धरून दाबला. परत दाबला. त्यांची भुवई जराशी वर गेली.

"हा आता खरखरतोय."

चांगल्याला माझा हात लागला आणि तो बिघडला. याहून मोठा पुरावा काय हवा? माझ्या डोळ्यांसमोर घरातला ओटा आला, दिवसभर बंद असलेली खिडकी आली. मी पदराने हात पुसले आणि न ठरवताच बोलून गेले.

"ताई, माझ्या बोटांना मुंग्या येतात. बरेच दिवस झाले. मला आता कळत नाही बहुतेक. मी उद्यापासून येत नाही."

एवढं लांब मी गाळ्यात पहिल्यांदाच बोलले असेन. मग बाय म्हणाली, "आन् मग घरान बसून काय करशील गो वयनी? तुला तर भांडतापन येत नाय!"

मला हसू आलं आणि रडूही. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मावशी, स्विच खराब आहे म्हणून आपण लगेच फेकून देतो का? तपासतो ना? मग बोटंही तपासूनच बघू."

त्यांनी आणखी बरेच चांगले-वाईट स्विच बोर्डावरून सोडवून एका ताटलीत कालवले आणि माझ्यासमोर स्टीलच्या दोन वाट्या ठेवल्या. डोळे मिटायचे, एकेक स्विच दाबायचा, गुळगुळीत असेल तो एका वाटीत आणि खरखरीत असेल तो दुसरीत. माझं झालं की बाय करणार आणि मग ताई स्वतः. तिघींचं जुळतं का ते बघायचं.

मला वाटलं, पळून जावं. तरी डोळे मिटले. बायने माझाच पदर माझ्या डोळ्यांवर धरला. "चोरून बगाची नाय हां," म्हणाली. पहिला स्विच दाबला. काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा हळू दाबला. मधे, अगदी मधे, वाळूचा एक कण दाताखाली यावा तसं झालं. खरखरीत. पुढचा, गुळगुळीत. पुढचा, गुळगुळीत. मग मी मोजायचं, घाबरायचं विसरले. बोटं आणि मी, दोघंच होतो. ताटली संपली तेव्हा माझा हात रिकाम्या ताटलीत फिरत राहिला.

ताईंनी प्रत्येक स्विचखाली आधीच पेन्सिलीने खूण केली होती, त्यामुळे जुळवणं सोपं गेलं. तिघींच्या वाट्या जवळजवळ सारख्याच भरल्या होत्या. माझा एक चुकला.

"एक चुकला," मी म्हटलं.

"माजापन येक चुकला, गप ऱ्हा," बाय म्हणाली. "मुंग्या माज्या हातालापन येतान. तू हात उशीखाली घेऊन झोपतंस का नाय? सांग, झोपतंस का नाय?"

मी हात उशीखाली घेऊनच झोपते. लहानपणापासून.

ताईंनी वाट्या बाजूला सारल्या. "बोटं ठीक आहेत. म्हणजे अजून खोट सापडायची आहे. बाय, आता तुम्ही लावा ग्रीस."

बायने लावलं. तिचाही चांगला स्विच खरखरला. "झाला! आता मीपन राजीनामा देव का?" मग ताईंनी स्वतः लावलं. त्यांचाही खरखरला. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिघींची बोटं एकाच वेळी जाणार नव्हती. तिघींत सारखी होती ती एकच गोष्ट, टेबलाच्या मधोमध ठेवलेली ग्रीसची बुटकी बरणी.

बायने बरणीतलं थोडं ग्रीस ब्रशाने घेऊन चिमटीत धरलं आणि डोळे मिटून चोळलं. तिची आई मिठागरात मीठ असंच बघायची, हे तिने आम्हाला किती वेळा सांगितलं आहे. मिठात माती किती हे चिमटीला कळतं म्हणे. "ह्यान कायतरी हाय," ती म्हणाली. "मीठ नाय. मातीपन नाय."

"द्या इकडे." ताईंनी तिची बोटं पांढऱ्या फडक्याने पुसली आणि फडकं खिडकीशी नेलं. आम्हीही मागोमाग गेलो. पांढऱ्यावर डाग पडला होता. ग्रीसचा असतो तसा नुसता ओला नाही. गुलाबी.

ताईंनी बरणी उचलून उजेडात तिरपी केली. तोंडाच्या काठावर, जिथे आम्ही ब्रश निपटतो तिथे, एक काळपट लाल ओघळ चिकटलेला होता. रोज समोर होता. पण तो बरणीचाच रंग असेल असं धरून आम्ही कामाला लागत होतो.

बायने जीभ चावली. "आगो माजे आय!"

आम्हाला दसरा आठवला. या गाळ्यातला तो पहिला दसरा होता. हत्यारांची पूजा करायची म्हणून ताईंनी टेबल पुसून त्यावर चिमटे, ब्रश, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगचं यंत्र, सगळं मांडलं होतं. झेंडूची माळ माझ्याकडे दिली होती, हळदीची वाटी त्यांच्याकडे आणि कुंकवाची बायकडे. कुंकू म्हणजे सुकी पूड, आम्ही पिंजर म्हणतो ती. बाय प्रत्येक वस्तूला भरपूर लावत होती. ताई ग्रीसच्या बरणीच्या झाकणाला हळद लावायला गेल्या तर बायने त्यांना थांबवलं होतं. "झाकनाला काय लावतंस? झाकन काय काम करतं? काम तर बरनी करतं!" आणि तिने झाकण काढून बरणीच्या तोंडालाच भरघोस कुंकू लावलं होतं. आम्ही तिघी हसलो होतो. मी त्या बरणीसमोर एक झेंडू ठेवून मनोभावे नमस्कारही केला होता. माझ्या बोटांसाठीच केला होता.

आजोबांचं काम तेव्हा अर्धं झालं होतं. दसऱ्याआधी केलेले स्विच लोण्यासारखे होते. त्यानंतर ब्रश काठावर निपटताना कधी कुंकवाचे कण लागत होते, कधी नाही. म्हणून कुठे खरखर, कुठे नाही. सगळे स्विच एकाच ताटलीत गोळा करून मग बोर्डावर बसवलेले, म्हणून कसली रीत नाही. ताईंनी भिंगाखाली एक दांडा धरला आणि मला बोलावलं. "मावशी, या. बघा तुमची खोट."

काळ्या दांड्याच्या कडेला लालसर असे दोन कण होते. एवढेसे. त्यांच्यामुळे मी नोकरी सोडून चालले होते.

"देवाला केलेला भोवला म्हनायचा," बाय म्हणाली.

"देवाला नाही, बरणीला," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. खोकीवाल्यांकडची माणसं डोकावून गेली. ताईंनी बायला एका शब्दाने बोल लावला नाही. बायच मधे मधे स्वतःला शिव्या घालत होती आणि त्याच्यावर आम्ही परत हसत होतो.

नवी बरणी उघडली. आजोबांचे सगळेच स्विच परत धुतले, चांगले होते तेही. दसऱ्यानंतर गेलेली बाकीची कामंही ताईंनी फोन करून परत मागवली. त्यांतला एक मुलगा द्यायलाच तयार नव्हता. म्हणाला, "काही करू नका, याला अस्सल जुना फील आलाय." त्याला खरं काय ते सांगितल्यावर मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी पाठवून दिला.

आजोबा न्यायला आले त्या दिवशी मी सकाळपासून मनात एक वाक्य घोळवत होते. बायने ओळखलं. "बोल गो, तो काय तुला खातोय?" ताई त्यांना सांगायला लागल्या, "आजोबा, खोट सापडली." आणि माझं वाक्य राहूनच गेलं. नेहमीसारखं. पण आजोबा परत तेच म्हणाले, "म्हणजे माझ्या बोटांचा दोष नव्हता ना?" हे त्यांनी हसत विचारलं, पण विचारताना हात पाठीमागे घेतले होते.

मी उठले. "आजोबा," मी म्हटलं, "तुमची बोटं बरोबर होती. खरखर खरी होती. मला पण लागली."

ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. "तुम्हालाही लागली?"

"हो. मला पण वाटलं, माझीच बोटं गेली."

त्यांनी हात पुढे घेतले आणि उलटेपालटे करून डोळ्यांजवळ धरून बघितले, हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर बघावी तसे. ताईंनी कीबोर्ड जोडून दिला. ते उभ्या उभ्याच टाइप करायला लागले, भराभर. त्या आवाजात मला एकही बटण वेगळं ऐकू आलं नाही. मग ताईंनी कुंकवाची गोष्ट सांगितली. ते मोठ्याने हसले. "अहो, मग माझ्या अर्जांवर पालिकेची कृपा का होत नव्हती ते कळलं. कुंकू लावून गेलेले अर्ज, ते देव्हाऱ्यात ठेवत असणार!"

जाताना ते दारात थांबले. "बाई, आज नातीला हीच गोष्ट सांगतो. चालेल ना?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ती दिसणार नाही. "चालेल," मी म्हटलं.

मुंग्या अजून येतात कधीकधी. ताई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मनगटाला पट्टा दिला आणि हात उशीखाली घेऊन झोपू नका म्हणून सांगितलं. बायने तेच सांगितलं होतं, हे बाय आता सगळ्यांना सांगते. माझ्या खुर्चीवर ताईंनी उशी घातली आणि टेबल जरा खाली केलं. मी मागितलं नव्हतं. सकाळी पहिला स्विच ताई मला देत नाहीत, चहा झाल्यावर देतात. यातलं काही बोलून दाखवत नाहीत. मीही दाखवत नाही. पण रोज दिसतं.

यंदाच्या दसऱ्याला परत टेबल मांडलं. बरणी ताईंनी आदल्या दिवशीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं. ब्रशांना नुसतं फूल. बाय कुंकवाची वाटी हातात घेऊन हिरमुसली होऊन उभी होती. "मग मी लावू कुनाला? भिंतीला?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझा उजवा हात उचलून टेबलावर, चिमट्यांच्या शेजारी ठेवला.

"यांना लावा," त्या म्हणाल्या. "ही धुता येतात."

बायने एकेका बोटाला कुंकू लावलं, भरपूर. मी मान खाली घातली होती, पण हात काढून घेतला नाही. त्या संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत मी तो धुतला नाही.